तोलाचा भरवसा

"खाली वाकून जमिनीवरची चप्पल उचलताना तोल जाणार नाही, याची तुम्हाला किती खात्री वाटते? शून्य ते शंभरमधला एक आकडा सांगा."

धडधाकट माणसाला हे कुणी विचारत नाही. पण अर्धांगवायूच्या झटक्यातून उठून पुन्हा चालू लागलेल्या माणसापुढे असे सोळा प्रश्न ठेवले जातात. घरातल्या घरात चालताना किती खात्री? जिना चढता-उतरताना? डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवरून लहानसा डबा काढताना? चवड्यांवर उभं राहून डोक्याच्या वरचं काही काढताना? खुर्चीवर चढून? केर काढताना? गाडीत बसताना, उतरताना? चढ-उतारावर? गर्दीत कुणाचा धक्का लागला तर? सरकत्या जिन्यावर कठडा धरून, आणि मग हातात सामान असल्यामुळे कठडा न धरता? शेवटचा प्रश्न बर्फाने निसरड्या झालेल्या फुटपाथवर चालण्याचा. या सोळा आकड्यांची सरासरी काढायची. पॉवेल आणि मायर्स या दोन संशोधकांनी ही प्रश्नावली १९९५ मध्ये मांडली, ती खरं तर वयस्कर लोकांसाठी. ‘अ‍ॅक्टिव्हिटीज-स्पेसिफिक बॅलन्स कॉन्फिडन्स’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एबीसी स्केल म्हणतात. पुढे झटका येऊन गेलेल्या लोकांवरही ती तपासली गेली आणि तिथेही भरवशाची ठरली.

माझ्या दादाला झटका आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला. रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि डावं अंग लुळं पडलं. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्याचा अर्थ मात्र दादाचा पाय जवळून पाहिल्यावर उमगला. पाऊल पुढे टाकताना आपला चवडा आपोआप वर उचलला जातो, बोटं जमिनीला घासत नाहीत. दादाचं पाऊल लोंबतं राहायचं. ते फरशीवरून सोडवायला तो कंबर वर ओढायचा आणि अख्खा पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणायचा. उभा राहिला की सगळा भार उजव्या पायावर. डाव्या तळव्याखाली फरशी आहे की सतरंजी, हे खाली बघितल्याशिवाय त्याला सांगता यायचं नाही. तोल सांभाळायला नुसती ताकद पुरत नाही. डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांची जाणीव यांच्याकडून मेंदूला सतत माहिती लागते. यातलं एक अधू झालं की बाकीच्यांवर भार पडतो. म्हणून खोलीतला दिवा गेला की दादा जागच्या जागी खिळायचा.

त्याचं चालणं पहिल्यांदा मोजलं ते दहा मीटरच्या अंतरावर. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा, फिजिओ मॅडमच्या हातात स्टॉपवॉच. पहिल्या खुणेच्या आधी थोडं चालायला देतात आणि शेवटच्या खुणेनंतरही, म्हणजे निघण्याचा आणि थांबण्याचा वेळ मोजणीत धरला जात नाही. दहा मीटरला वीस सेकंद लागले तर वेग झाला सेकंदाला ०.५ मीटर. दिसायला फारच साधी गोष्ट, पण तिच्यातून खूप कळतं. जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये झटक्यानंतरच्या चालण्याचे टप्पे या वेगावरून पाडले. ०.४ च्या खाली असेल तर माणूस साधारण घरापुरताच चालतो, ०.४ ते ०.८ असेल तर बाहेर जातो पण मर्यादित, आणि ०.८ च्या वर गेला की बाहेरच्या जगात बऱ्यापैकी मोकळेपणाने वावरतो. त्यातही एक ग्यानबाची मेख आहे. पायी रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ ठरवताना अनेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरलेला असतो. बारा मीटर रुंद रस्ता त्या हिशोबाने दहा सेकंदांत ओलांडून व्हायला हवा. ०.८ च्या माणसाला पंधरा लागतात. उरलेले पाच सेकंद तो रस्त्याच्या मधोमध असतो, आणि गाड्या सुटलेल्या असतात.

दुसरी चाचणी खुर्चीतून उठण्याची. उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, तेवढा सगळा वेळ घड्याळात. पोडसिआडलो आणि रिचर्डसन यांनी ती १९९१ मध्ये या रूपात आणली. मला विचाराल तर या चाचणीचा जीव वळण्यात आहे. सरळ रेषेत दादा लवकरच बरा चालू लागला, पण वळायची वेळ आली की बारीक बारीक पावलं टाकत, डावा पाय चुकीच्या जागी अडकवत, तो असा काही फिरायचा की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा. घरात आपण सरळ चालतो तरी किती? ओट्यापाशी वळतो, दारात वळतो, पलंगाजवळ वळतो. झटक्यानंतर घरात पडणारे बरेचसे लोक असे वळतानाच पडतात, किंवा उठता-बसताना.

तोल मोजणारी बर्गची चाचणी लांबलचक असते. चौदा कामं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५६. डोळे मिटून उभं राहा, एका पायावर राहा, जागच्या जागी पूर्ण गिरकी घ्या, जमिनीवरची वस्तू उचला. गंमत म्हणजे तोलाच्या या सर्वांत नावाजलेल्या चाचणीत चालायला लावतच नाहीत. सहा मिनिटांत किती अंतर कापता येतं ते मोजणारी चाचणीही असते. ती मूळ हृदय-फुप्फुसांच्या रुग्णांसाठीची. तिच्यात दर मिनिटाला रुग्णाला काय म्हणून धीर द्यायचा, तेही ठरवून दिलेलं असतं. कुणी जास्त ओरडून उत्साह दिला म्हणून माणूस जास्त चालला, असं व्हायला नको म्हणून ही खबरदारी. मोजणाऱ्याचं बोलणंसुद्धा पायांपर्यंत पोहोचतं, हे तिथे मान्य करून टाकलेलं आहे. मला ते फार आवडलं.

या सगळ्या चाचण्या माणूस काय करू शकतो ते सांगतात, तेही सपाट, उजेडाच्या, मोकळ्या जागेत, शेजारी सावरायला कुणीतरी उभं असताना. तो घरी गेल्यावर त्यातलं काय करतो, हा वेगळा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अपंगत्वाचं जे नवं वर्गीकरण आणलं, त्यात क्षमता आणि प्रत्यक्षातला वावर या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या धरल्या आहेत. दोन्हींच्या मध्ये बरंच काही असतं. जिना असतो, काठी असते, घरच्या माणसांचा धाक असतो. आणि स्वतःच्या तोलावरचा भरवसा असतो. म्हणून माझं म्हणणं असं की पायांचा आकडा आणि भरवशाचा आकडा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय झटका आलेल्या माणसाचं चालणं कळत नाही. दोन्ही एकसारखे असले तर उत्तमच. नसले, तर त्या फरकातच पुढच्या कामाची दिशा सापडते.

दादाच्या बाबतीत हा फरक आधी एका बाजूने पडला आणि मग दुसऱ्या.

सुरुवातीला त्याने सगळीकडे ऐंशी-नव्वद आकडे सांगितले. जिना? नव्वद. गर्दी? ऐंशी. खुर्चीवर चढून वरचं काढणं? "जमेल की, पंचाऐंशी लिहा." त्या वेळी त्याला काठीशिवाय चार पावलं टाकता येत नव्हती. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यात हे पुष्कळदा दिसतं. डावीकडच्या गोष्टींकडे लक्षच जात नाही आणि आपल्यात काही कमी झालंय याची जाणीवही पुरेशी होत नाही. दादाचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा आणि तो चौकटीकडे असं बघायचा, जणू ती आत्ताच तिथे आली. ताटातला डावीकडचा घास तसाच राहायचा. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, फुशारकीही मारायची नव्हती. त्याला आतून खरोखर नव्वद वाटत होते. फिजिओ मॅडमनी वाद घातला नाही. नव्वद लिहिले, शेजारी बर्गचे गुण लिहिले, आणि वहिनीला म्हणाल्या, "पाय कमजोर आहे त्यापेक्षा मला या नव्वदची काळजी जास्त वाटते. काकांना अजिबात एकटं उठू देऊ नका."

तरी तो पडलाच. मोरीच्या दारापाशी वळताना डावं पाऊल उंबऱ्याला अडकलं. हाड मोडलं नाही, हे नशीब. अर्धांगवायूत लुळ्या बाजूच्या हाडांची घनता कमी होते आणि माणूस पडतोही बहुधा त्याच बाजूला, त्यामुळे खुब्याचं हाड मोडण्याचा धोका असतो. आणि हे पडणं काही अपवादात्मक नाही. २०११ मध्ये अमेरिकेत चालण्याच्या प्रशिक्षणाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात झटका आलेले ४०८ लोक होते. वर्षभरात त्यांच्यातले निम्म्याहून जास्त लोक एकदा तरी पडले. हे सगळे अभ्यासाच्या देखरेखीखाली असलेले लोक होते.

पडल्यानंतर दादाचे आकडे कोसळले. घरात चालणं चाळीस, जिना वीस, गर्दीत धक्का दहा. बर्फाच्या फुटपाथचा प्रश्न आला तेव्हा "मी बर्फ बघितलेला नाही" एवढंच म्हणाला. जी गोष्ट आपण करत नाही ती करायची वेळ आली तर किती खात्री वाटेल, याची कल्पना करून आकडा द्यायचा असतो. एरवी काठी वापरत असाल तर काठी हातात आहे असं धरून द्यायचा. मॅडमनी त्याला ओली, साबण सांडलेली फरशी डोळ्यांसमोर आणायला सांगितली. त्याने शून्य सांगितलं आणि खिडकीकडे बघत बसला.

इकडे स्टॉपवॉच दुसरंच काही सांगत होतं. वेग वाढत होता. घोट्याला आधार देणारी स्प्लिंट मिळाल्यापासून पाऊल घासायचं कमी झालं होतं आणि दहा मीटरचा वेळ महिन्यागणिक उतरत होता. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वेग सेकंदाला ०.१६ मीटरने वाढला तर तो फरक माणसाच्या रोजच्या जगण्यात जाणवण्याइतका असतो, असं २०१० च्या एका अभ्यासात दिसलं होतं. दादाने तेवढं अंतर ओलांडलं होतं. फाइलमध्ये तो सुधारत होता. घरी मात्र तो खोलीच्या बाहेर यायला तयार नव्हता. भीतीने चालणं कमी, चालणं कमी म्हणून स्नायू आणखी ढिले, स्नायू ढिले म्हणून तोल आणखी कच्चा, आणि मग भीती खरी ठरायला मोकळी. फक्त वेग बघणाऱ्या डॉक्टरला यातलं काहीही दिसलं नसतं.

आपण सगळे अशा वेळी काय करतो? "घाबरू नकोस, काही होत नाही, मी आहे ना" म्हणतो. घरी येणारा प्रत्येक जण दादाला हे सांगून गेला. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये, माणसाला "हे मला जमेल" असं कशामुळे वाटू लागतं, याची चार उगमस्थानं मांडली होती. स्वतः करून यशस्वी होणं, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना बघणं, दुसऱ्याने धीर देणं, आणि आपल्याच शरीराचे इशारे, म्हणजे छातीतली धडधड, हाताचा घाम. यात सर्वांत बळकट पहिलं. नुसत्या शब्दांनी दिलेला धीर त्यामानाने फार तकलादू. एबीसी स्केलची वैचारिक मुळं याच मांडणीत आहेत. "तुम्ही भित्रे आहात का" असं ती विचारत नाही. ठरावीक काम, ठरावीक जागा, आणि त्यात किती खात्री, एवढंच विचारते. घरात निर्धास्त असलेला माणूस सरकत्या जिन्यावर थिजू शकतो, आणि त्यात विसंगत काही नाही.

म्हणून मला सरासरीपेक्षा सुटे आकडे मोलाचे वाटतात. वयस्कर लोकांच्या बाबतीत सरासरी ८० च्या वर असेल तर चांगलं, ५० च्या खाली असेल तर काळजीचं, असा एक ढोबळ हिशोब धरतात. पण प्रगतिपुस्तकावरच्या एकूण टक्केवारीवरून पोराचा कोणता विषय कच्चा आहे ते कळत नाही, तसंच हे आहे. दादाच्या कागदावर वाकण्याचा, जिन्याचा आणि धक्क्याचा विषय कच्चा होता. मॅडमनी तिथूनच हात घातला.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती मला त्या वेळी अघोरी वाटली. त्यांनी दादाला जमिनीवर झोपवलं आणि उठायला शिकवलं. चांगल्या कुशीवर वळायचं. उजव्या कोपरावर, मग तळहातावर जोर देऊन बसतं व्हायचं. खुर्ची जवळ ओढून तिच्यावर हात टेकायचे, गुडघ्यांवर यायचं. मग चांगला पाय पुढे घेऊन पाऊल जमिनीवर रोवायचं आणि खुर्चीवर भार देत उठायचं. पहिल्या दिवशी तो गुडघ्यांवर आला आणि तिथेच थांबला. कपाळावर घाम, डावा हात खुर्चीवरून सारखा घसरतोय, आणि मॅडम त्याला हात लावत नाहीत, फक्त कंबरेजवळ तळवा अधांतरी धरून बसल्यात. वहिनी पुढे झाली तशी दादाच म्हणाला, "थांब गं, मला बघू दे."

उठला तो. पुढे पुढे कुणी शेजारी नसतानाही उठू लागला. पडणं ही आता शेवटची गोष्ट राहिली नाही, पडल्यानंतर काय करायचं ते त्याच्या अंगाला ठाऊक झालं. त्यानंतरच्या प्रश्नावलीत वाकण्याचा आकडा वर आला, आणि वाकण्याचा सराव तर फारसा झालाच नव्हता. मला याचं नवल वाटलं, मॅडमना नाही.

मग आला चालण्याचा सराव, पण नुसतं लांब चालणं नव्हे. पायरी, उतार, अडथळा ओलांडणं, हातात वस्तू घेऊन चालणं, मागे वळून बघत चालणं. कॅनडातल्या संशोधकांनी २००५ मध्ये झटका आलेल्या लोकांच्या दोन गटांची तुलना केली होती. एका गटाला सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, चालण्याशी निगडित कामांचा सराव दिला आणि दुसऱ्याला हाताच्या कामांचा. पहिल्या गटाचा तोलावरचा भरवसा जास्त वाढला. वाचताना हे उघडच वाटतं, पण त्यातला धडा नीट लक्षात घ्यायला हवा. धीर देण्याचा वेगळा तास घ्यावा लागला नाही, ज्या कामाची भीती होती तेच काम नीट आखून करून घेतलं.

बोलत चालणं हा त्यातला सर्वांत अवघड भाग ठरला. दादाला काही विचारलं की तो थांबायचा, उत्तर द्यायचा, मग पुढचं पाऊल. त्याचं सगळं लक्ष पायांत गुंतलेलं असायचं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये अगदी हेच पाहिलं होतं. चालताना बोलायला लागलं की थांबणारी वयस्कर माणसं पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडली. या चाचणीला ना स्टॉपवॉच लागतं ना पैसा. शेजारून चालताना एक साधा प्रश्न विचारायचा आणि बघायचं. मी अजूनही दादाबरोबर चालताना मुद्दाम काहीतरी विचारते. हल्ली तो न थांबता उत्तर देतो, कधी कधी त्रासूनही देतो.

या आकड्यांनाही मर्यादा आहेत, त्या नाकारून चालणार नाही. समोरच्याला बरं वाटावं म्हणून काही जण चढे आकडे सांगतात. ज्यांची वाचा गेली आहे त्यांना सोळा प्रश्न समजून घेऊन उत्तर देणं कठीण, मग एक उभी रेघ काढून तिच्यावर बोट ठेवायला सांगावं लागतं, चित्रं दाखवावी लागतात. झटक्यानंतर साधारण दर तिघांतल्या एकाला कधी ना कधी नैराश्य गाठतं, आणि नैराश्यात सगळेच आकडे खाली जातात. अशा माणसाला पायऱ्यांचा सराव देण्याआधी मनाचा इलाज करावा लागेल. आकडा खाली का आहे हे विचारायला हवं, आणि उत्तर ऐकायला वेळ काढायला हवा. चाचणीला दहा-वीस मिनिटं लागतात म्हणून ती वगळली जाते, हे मला पटत नाही. माणूस घराबाहेर पडणार की नाही, हे त्या वीस मिनिटांत कळणार असेल तर वेळ आणखी कशासाठी राखून ठेवायचा?

आणि एक माणूस या मोजणीत हमखास राहून जातो. हात धरणारा. मॅडमनी तोच कागद वहिनीलाही भरायला दिला, दादाबद्दल तिला किती खात्री वाटते ते लिहायला. दादाने जिन्याला सत्तर दिले होते, वहिनीने तीस. म्हणजे दादा तयार झाला तरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर वहिनीचा हात त्याच्या दंडाला घट्ट लागणार, आणि तो हात लागला की दादाचे सत्तर लगेच पन्नास होणार. तिची भीती खोटी नव्हती. मोरीच्या दाराशी पडलेल्या नवऱ्याला तिनेच उचललं होतं. पण तिच्या तीसवरही दादाच्या वीसइतकंच काम करायला हवं होतं, आणि ते झालं. तिला जिन्यावर दादाच्या कमजोर बाजूला, उतरताना एक पायरी खाली उभं राहायला शिकवलं, कंबरेचा पट्टा कसा धरायचा ते दाखवलं, आणि दंड सोडायला लावला. जिन्याचे दोघांचे आकडे आता जवळपास एक आहेत.

गर्दीचा मात्र अजून कच्चा आहे. त्यासाठी मॅडमनी हल्ली धक्के द्यायला सुरुवात केली आहे. दादा सुरक्षेचा पट्टा बांधून उभा राहतो किंवा चालतो, आणि त्या न सांगता कधी खांद्याला, कधी कंबरेला हलकासा धक्का देतात. शरीराला चटकन पाऊल टाकून सावरायची सवय लागावी म्हणून. आधी तो धक्क्याची वाट बघत अंग आखडून घ्यायचा, त्यामुळे जास्तच हेलपाटायचा. आता पाऊल आपसूक पडतं, बहुतेक वेळा उजवं, क्वचित डावंही. गर्दीतल्या धक्क्याला त्याने गेल्या खेपेला पस्तीस दिले. वहिनीने वीस. म्हणून पुढच्या आठवड्यापासून धक्के द्यायचं काम मॅडम वहिनीकडे सोपवणार आहेत.